साठ दिवे आन् चिमाक्काची गिरन

शेवट वळखून दावा, मंग खरं! न्हाई वळखनार तुमी. भले भले हुशार माझ्यापुढं तोंड वासून बसल्यात. लावा डोकं!

तर खोचरेवाडीला टेकाडावर रणनवरे सरकारांचा बंगला. बंगल्यात साठ दिवे, पर समदे शंभराचे पिवळे बल्ब! सांजचं सरकार जेवायला बसले की साठच्या साठ पेटायचे. आन् खाली गावात काय व्हायचं? पंखा म्हातारीवानी फिरायचा, टीव्ही डोळं मिचकवायचा, आन् चिमाक्काची पिठाची गिरन 'घुंऽऽ' करून गप व्हायची. विजेची एकच डीपी की वो, बंगल्याला आन् गावाला!

रानातनं बाया सांजचंच परतनार, दळन सांजचंच यनार. गिरन सांजची बंद, म्हंजी चिमाक्काची चूल बी बंद. बाया आता डबं घिऊन शेजारच्या गावाला जाया लागल्या.

चिमाक्का पदर खोचून बंगल्यावर गेली.

"सरकार, ती एलईडीची दिवं लावा. उजीड तेवढाच, वीज धाव्या हिश्शाची. माझी गिरन जगंल."

सरकार मिशीला पीळ देत म्हनले, "ते पांढरे दिवे? दवाखान्यातले? आमच्या आजोबांपासून हा पिवळा उजेड आहे. त्यात तांबडा रस्सा कसा सोन्यासारखा दिसतो!"

"जी सरकार, सोन्यावानी!" मागनं दादबा कारभारी. ह्यो दादबा म्हंजी सरकार शिंकले की ह्यो नाक पुसनार.

"पिवळ्या उजेडाची बी एलईडी येत्यात सरकार. तुमास्नी कळनार बी न्हाई."

"आम्हाला कळणार नाही?" सरकार ताडकन उठले. "लाव पैज! आमच्या खर्चानं दिवे आण, लाव. आम्ही ताटाकडं नुसतं बघून सांगू. उजेड डोळ्याला खुपला, तर तुझ्या गिरणीला कायमचं कुलूप!"

"आन् न्हाई वळखलं तर?"

"तर मागशील ते!"

गावात बोंब झाली. चिमाक्काची सून रडाया लागली, "आत्याबाई, काय करून बसला वो!"

"तू गिरनीचा पट्टा बघ," चिमाक्का म्हनली.

दुसऱ्या दिवशी चिमाक्कानं खोकी घिऊन बंगला गाठला. गड्याला शिडी धराया लावली. दिवे दुधी काचंच्या हंड्यांत, आतला बल्ब दिसायचा न्हाई. एकेक हंडी उतरली, पुसली, चढवली. साठ झाल्या.

सांजचं दिवे लागले. सरकारांनी ताटाकडं बघितलं आन् डोळ्यांवर हात धरला.

"अरारारा! हा काय उजेड? तांबडा रस्सा पांढराफटक पडलाय! भाकरी तर आजारी दिसतीय!"

"माझ्या तर डोळ्यातनं पानी याया लागलं सरकार!" दादबा उपरन्यानं डोळं पुसत म्हनला.

"चिमाक्का, कुलूप आण!"

चिमाक्कानं हात जोडलं. "हारली मी, सरकार. पर यवडा इस्कोट करून कशी जाऊ? उद्या पुन्यांदा शिडी लावते. तुमी जेवताना धा मानसांत म्हना, 'ह्योच आमचा उजीड.' मंग कुलूप बी देते आन् किल्ली बी."

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी, पुन्हा साठ हंड्या. सांजचं पाहुनेरावळे धरून धा-बारा मानसं पंगतीला. खटका दाबला. बंगला उजळला.

सरकारांनी ताट बघितलं आन् चेहरा फुलला. "वा वा वा! हाच आमचा उजेड! बघा रस्सा कसा सोन्यासारखा! आज उकडतसुद्धा नाही!"

"माझ्या डोळ्यांची आग गेली सरकार!" दादबा.

"आता चिमाक्का, कुलूप!"

चिमाक्का हालली न्हाई. "जरा कान द्या, सरकार."

समद्यांनी कान टवकारलं. टेकाडाखालनं आवाज आला... घर्रर्र घर्रर्र!

सरकारांचा घास हातात. "हे काय वाजतंय?"

"माझी गिरन. सून दळाया लागलीया."

"आमचे साठ दिवे चालू असताना?"

"नवं दिवं हाईत की! लावले ते आज. काल म्या नुस्ती धूळ पुसली. तुमचाच जुना बल्ब तुमास्नी खुपला!"

"खोटं!"

"शिडी धरली त्या गड्याला इचारा."

गडी टावेलात तोंड खुपसून गदागदा हासत व्हता. सरकारांनी दादबाला स्टुलावर चढवलं. त्यानं हंडी उतरली, भीत भीत बोट लावलं. "भाजत न्हाई सरकार! नवाच हाय!"

"आणि काल तुझ्या डोळ्यांतनं पाणी कशाचं येत होतं रे?"

दादबा म्हनला, "सरकार... तुमच्या डोळ्याला त्रास, मंग माझ्या कसा न्हाई व्हनार?"

झालं! सरकार असे हासले, असे हासले, की ठसका लागून रस्सा नाकात गेला. पानी पिऊन म्हनले, "हारलो बाई! गिरणीला नवा पट्टा आमच्याकडनं. अजून माग!"

"एकच मागते. येत्या बाजाराच्या दिशी तुमच्या घरचं दळन तुमी सोता आनायचं. आन् रांगंत उभं ऱ्हायाचं. आमचं धंद्याचं हाल काय असत्यात, ते तितनं दिसतंय."

आलं की ध्यान! डोस्क्यावर गव्हाचा डबा. पुढं अकरा बाया. आमच्याकडं रीत हाय, गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी दळायची, न्हाई तर पीठ मिसळतंय. शहाना मानूस म्हंतो, "माझ्या आधी गव्हाचं कोन हाय?" सरकारांना कुठलं म्हाईत! रांगंतल्या शेवंताच्या बाजरीमागं डबा पुढं केला.

"सरकार, जातं झाडून घिऊ का?" चिमाक्कानं इचारलं.

"झाडायचं काय? रणनवऱ्यांचा गहू आहे, टाक!"

टाकला. रोख दळनावळ दिली, मिशीला पीठ लावून घरला गेले.

आन् धा किलो बाजरीमिसळ पीठ संपूस्तवर सरकारांनी आठ दिस करड्या पोळ्या खाल्ल्या. दादबा म्हनायचा, "काय रंग हाय सरकार!" म्हनून त्याला बी तेवढ्याच खाव्या लागल्या.