पळणारं अक्षर

“मग हे पळत का नाही, नाना?”

सर्जेरावने कागद केरबानानांच्या नाकासमोर धरला. कागदावर इंग्रजी ‘ए’ होतं. जाडजूड, काळंभोर, उजवीकडे झुकलेलं. सर्कशीच्या पोस्टरवर सगळ्यात वर, मोठ्या ओळीत बसायचं होतं ते, आणि बघणाऱ्याला पळतंय असं वाटायला हवं होतं.

नाना पोस्टरांसाठी लाकडी अक्षरं कोरत. त्यांच्याकडे शिकणाऱ्या पोरांसाठी रिवाज सोपा होता. ज्याचं अक्षर नाना सागवानात कोरायला घेतील, तो शिकून मोकळा. सर्जेराव तर गुडघ्याला बाशिंग बांधूनच बसला होता. कोल्हापुरात दुकानाला जागासुद्धा बघून आला होता पठ्ठ्या.

“आणखी झुकवून बघितलंस?” नानांनी विचारलं.

“बघितलं.”

“मग?”

“नुसतं कलतंय. आत्ता पडंल असं वाटतंय.”

“आणि ह्याचे तळवे कुठं गेले रं?”

नानांच्या अक्षरांना पायाखाली आडवे, ठोकळ्यासारखे जाड तळवे असत. त्यावरून त्यांचं काम लांबूनही ओळखू येई.

“तासले,” सर्जेराव ऐटीत म्हणाला. “पळणाऱ्याच्या पायात एवढं वजन कशाला? तुमची अक्षरं गमबूट घातल्यागत दिसत्यात, नाना.”

भलताच आगाऊ पोरगा! पण नानांना हसूच आलं.

“बरं... ऊठ. त्या दारातनं बाहेर पळ बघू.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

सर्जेराव झेपावला, आणि नानांनी मागून त्याचा सदरा गच्च धरला.

“सोडा की, नाना!”

“पळ की.”

सर्जेरावही हट्टी. छाती दाराबाहेर काढून, पाय जमिनीत रोवून तो पुढे रेटू लागला. म्हातारा काही हलेना. रस्त्याने चाललेली एक भाजीवाली पाटी सावरत घाईघाईने बाजूला झाली.

“अगं बाई! कुठं निघालास रं एवढ्या जोरात?”

सर्जेराव जागचा हलला नव्हता...

त्याने मान वाकवून आपल्या पायांकडे पाहिलं. ते जमिनीत घट्ट रोवलेले होते. मग एकदम खदखदून हसला.

“पेन्सिल द्या, नाना.”

नानांनी एका हाताने पेन्सिल दिली. दुसऱ्या हातात सदरा होताच. सर्जेरावने कागद चौकटीला लावला आणि ‘ए’च्या दोन्ही पायांखाली जाड तळवे काढले. चांगले भरभक्कम. अक्षर आता कागदातून सुटायला बघत होतं. सर्जेरावला इतका आनंद झाला की तो लहान मुलासारखा ओरडला.

“पळतंय, नाना! पळतंय बघा!”

नानांनी बघितलं. पायानेच सागवानाचा ठोकळा जवळ ओढला.

“म्हणजे... मी मोकळा?”

“मोकळा.”

सर्जेराव तसाच दाराकडे झेपावला. नानांची मूठ काही सैल झाली नव्हती.

“मग आता तरी सोडा!”

“सोडतो रं,” नाना म्हणाले. “आधी पाय रोव.”