सोललेलं संत्रं

"पण सर, बरोबर उत्तर दिल्यावर मूल गप्प का होतं?"

शलाकाने हे विचारलं तेव्हा मांडवकर सर ओट्यावर ऊन खात बसले होते. त्यांनी आपली खुर्ची थोडी सरकवली, म्हणजे तिलाही ऊन मिळेल.

सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. रिटायर झाल्यावर गावी आले आणि घरामागची संत्र्याची चार झाडं सांभाळत राहिले. शलाका त्यांची लाडकी विद्यार्थिनी. लाडकी, पण आगाऊ. सरांचं वाक्य सरांच्या आधी हीच पूर्ण करायची. ते बरोबरही असायचं, हीच तर पंचाईत!

एमएस्सी झाली, चांगल्या नोकऱ्या चालून आल्या, आणि ही बया जाऊन बसली बालवाडीत. म्हणे, विज्ञान पोरांच्या हातात द्यायचं, तेही पोरं लहान असतानाच. आणि दिलं की तिने! भिंग आणलं, लोहचुंबक आणला, पाण्याने भरलेलं घमेलं मधोमध ठेवलं. लांबून लोक बघायला येऊ लागले. कौतुक झालं. कौतुक कोणाला नको असतं?

"कोणतं मूल?" सरांनी विचारलं.

"ओवी. चार वर्षांची आहे. सर, काय पोट्टी होती ती! दिवसभर नुसती माझ्या ओढणीला धरून. ताई, मुंगीला घाम येतो का? ताई, सावली भिंतीवर चढते तेव्हा तिला ढोपर असतं का? ताई, पाणी रात्री कुठे बघतं?"

सर हसले.

"हसू नका. मी वैतागायचे तेव्हा. म्हणायचे, अगं बाई, जरा दम खा." शलाका थांबली. "आता ती काहीच विचारत नाही."

"काहीच?"

"काही दाखवलं की मान डोलावते आणि म्हणते, समजलं ताई. भिंगातून मुंगी दाखवली. समजलं ताई. चुंबकाला खिळे चिकटवून दाखवले, बाकीची पोरं नाचायला लागली. ही म्हणते, समजलं ताई... सर, नवीन वस्तू आणली की मी आधी तिच्याच तोंडाकडे बघते. आता विचारेल, आता विचारेल. घरी गेले तरी तिचं ते 'ताई' कानात असतं. भाजी चिरताना वाटतं, मागून कोणी ओढणी ओढली. वळून बघते तर कोणी नाही."

ती ओट्याच्या कडेवर टेकली. एवढी बोलकी पोरगी, पण तिचा आवाज खाली आला होता.

"हे कधीपासून?"

"संत्र्याच्या दिवसापासून."

"सांग."

"काही विशेष नाही. घमेल्यात संत्रं टाकलं, तरंगलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तेच सोलून टाकलं, ते बुडालं. पोरं एकदम चूप. मस्त जमला होता प्रयोग! मग मी सांगितलं, सालीत हवेचे बारीक..."

"समजलं," सर म्हणाले.

"हवेचे बारीक कप्पे असतात, त्यामुळे साल असली की..."

"समजलं."

"सर, ऐकून तरी घ्या पूर्ण! ती काय म्हणाली ते..."

"समजलं, ताई."

शलाका गप्प झाली.

सत्तरीच्या माणसाने आपल्या विद्यार्थिनीला ताई म्हणावं! पण सर थट्टा करत नव्हते. त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, आज्ञाधारक पोरासारखी, आणि समोरच्या झाडाकडे बघत राहिले. शलाकाने दोनदा तोंड उघडलं.  सांगायचं तर खूप होतं, पण सांगायचं कोणाला?



"असं वाटतं का तिला?" ती शेवटी म्हणाली. डोळे भरले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही. "मला ती परत पाहिजे, सर. हुशार नको, बरोबर नको. तिचे ते येडे प्रश्न पाहिजेत मला."

सरांनी आपल्या उपरण्याआड ठेवलेलं एक संत्रं काढलं. शलाकाला वाटलं, खायला देताहेत. रडणाऱ्या माणसाला आपल्याकडे काहीतरी खायला देतातच.

"संत्रं बुडालं तेव्हा त्या पोरीने काय केलं?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा? तिने हात घातला घमेल्यात. संत्रं बाहेर काढलं. पाणी सांडलं सगळीकडे."

"आणि?"

"आणि काय... साल उचलली आणि त्याला परत लावत बसली. फ्रॉक ओला, हात चिकट. मी म्हटलं, अगं वेडाबाई, साल कधी परत लागते का? आणि मग ते हवेचं सांगितलं. म्हटलं, समजलं? सगळे ओरडले, होऽऽ समजलं. तीही म्हणाली."

सर संत्रं सोलत होते. सावकाश, साल तुटू न देता.

"लागत नाही?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"साल. परत."

"नाही लागत."

"लावून पाहिलीस?"

शलाकाने उत्तर दिलं नाही. उत्तर ठाऊक असून तिने दिलं नाही, असं माझ्या माहितीत हे पहिल्यांदाच.

सरांनी सोललेलं संत्रं तिच्या एका हातावर ठेवलं, दुसऱ्यावर साल. पायरीजवळ पाय धुवायची बादली भरलेली होती. त्या बादलीकडे त्यांनी नुसतं बघितलं.

शलाका खाली उतरली, उकिडवी बसली. साल संत्र्याभोवती गुंडाळली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि संत्रं पाण्यात सोडलं. साल उमलून एकीकडे गेली, संत्रं तळाला. तिने बाहीसकट हात घातला, संत्रं वर काढलं. या वेळी साल उलटी धरली. सुटली. मग फटी जुळवून, अंगठ्याने दाबून, हळूच. रस कोपरापर्यंत ओघळला. क्षणभर ते वरच राहिलं. अगदी क्षणभर, बरं का! ती केवढ्याने "अरे बाप्पा!" ओरडली. आणि साल पुन्हा सुटली.

ऊन ओट्यावरून सरकून अंगणाच्या टोकाला गेलं. सर सावलीत आले होते, तरी उठले नाहीत. शलाकाचं लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हतं. केस तोंडावर, ओढणीचं टोक बादलीत.

"सर," वर न बघताच ती म्हणाली, "हे बांधायचं कशाने?"

"मला काय माहीत?" सर म्हणाले. "ओवीला विचार."