फुंकरीने उडालेले ठिपके

एका गावाच्या टोकाला, देवराईला खेटून, एक पक्षी-अभ्यास केंद्र होतं. बाहेर मोठा पिंजरा, आत एक खोली, खोलीत सूक्ष्मदर्शक आणि एक लांब टेबल. केंद्राचे प्रमुख होते डॉ. नीळकंठ सोमण. सगळे त्यांना सोमणसर म्हणत. माणूस विद्वान आणि कष्टाळू. टापटिपीचं मात्र इतकं वेड, की कपाटातल्या कपांचे कानसुद्धा एकाच दिशेला हवेत.

सर पाखरांच्या गुणसूत्रांचे तक्ते करत. गुणसूत्रं म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीत असणाऱ्या इवल्या कांड्या. पिसांचा रंग, चोचीचा आकार, गळ्यातली शीळ, असा सगळा वारसा त्यांत भरलेला असतो. निम्म्या कांड्या आईकडून, निम्म्या बापाकडून येतात, म्हणून त्यांच्या जोड्या लागतात. संगणक यायच्या आधीचा तो काळ. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, तो मोठा करून कागदावर छापायचा, कात्रीने एकेक कांडी कापायची, जोडीला जोडी लावायची आणि मोठ्या कांडीपासून लहान कांडीपर्यंत ओळीने डिंकाने चिकटवायची.

आता गाणाऱ्या पाखरांची एक गंमत आहे. त्यांच्या थोड्याच कांड्या चांगल्या ठसठशीत असतात. बाकीच्या अगदी ठिपक्यांएवढ्या. ते ठिपके कापताना बोटं आखडतात आणि जोड्या लावताना डोळ्यांना पाणी येतं. सरांनी यावर सोपा उपाय शोधला होता. मोठ्या कांड्या चिकटवून झाल्या की ते टेबलावर वाकत आणि उरलेल्या ठिपक्यांवर एक फुंकर मारत. फूऽऽ! टेबल स्वच्छ.

"हा चुरा," ते शिकाऊ मंडळींना सांगत. "यात काही नसतं."

हे त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण सर म्हणाले म्हटल्यावर पुढे विचारणार कोण? मग केंद्रात तशी रीतच पडली. तक्ता पुरा झाला असं तिथे कोणी म्हणत नसे. "फुंकर मारली," म्हणत.

त्या देवराईत शीळकरी नावाचं एक पाखरू होतं. मूठभर जीव, पण शीळ अशी गोड की वाटेने जाणारा माणूस थबकायचा. डोंगराच्या अलीकडे एक थवा होता आणि पलीकडच्या राईत दुसरा. मग वणवे लागले, झाडं तुटली, आणि दोन्हीकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाखरं उरली. केंद्राने ती पकडून मोठ्या पिंजऱ्यात आणली. मधे फळ्यांची आडभिंत घातली. अलीकडची पाखरं एका बाजूला, पलीकडची दुसऱ्या बाजूला. कुमुदताई नाईक त्यांचं दाणापाणी बघत. पाखरांवर त्यांचा जीव होता.

अलीकडच्या थव्यात नर कमी होते आणि पलीकडच्यात माद्या कमी. दोन्ही थवे एक केले तर भराभर जोड्या लागतील, असं सगळ्यांना वाटत होतं. प्रश्न एवढाच होता, की दोन्ही पाखरं खरंच एका वाणाची आहेत का? सरांनी दोन्हींचे तक्ते केले. मोठ्या कांड्या एकमेकींशी हुबेहूब जुळल्या. सरांनी दोन्ही तक्त्यांवर फुंकर मारली आणि निकाल दिला, "खुशाल एकत्र करा. काही भेद नाही."

झालं, समारंभ ठरला. केंद्राच्या दारात मांडव पडला, पताका लागल्या, भोंगा ओरडू लागला. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब शितोळे पाहुण्यांना घेऊन येणार होते. सरांनी दोरी ओढायची, आडभिंत वर जायची आणि टाळ्या वाजायच्या. केंद्राची नवी इमारत व्हायची होती, तिला सरांचं नाव द्यायचं, हेही आबासाहेबांनी जाहीर करून टाकलं होतं. सर लवकरच निवृत्त होणार होते. याहून चांगला निरोप कोणता?

त्या सकाळी सर पाहुण्यांना दाखवायचे तक्ते पुसायला खोलीत गेले. पलीकडच्या पाखरांच्या तक्त्यावर, अगदी कोपऱ्यात, सुकलेल्या डिंकात एक ठिपका अडकला होता. फुंकरीतून वाचलेला. सरांना ती घाण सहन होईना. ते नखाने तो खरवडायला गेले आणि त्यांचा हात थांबला.

ठिपका जाड होता. नेहमीच्या चुऱ्याहून चांगला जाड.

सरांनी खणातून दोन्ही थव्यांचे मूळ फोटो काढले आणि भिंग लावलं. पहिल्यांदाच त्यांनी मोठ्या कांड्या सोडून फक्त ठिपके पाहिले. अलीकडच्या पाखरांचे ठिपके खसखशीसारखे होते, बारीक आणि पुष्कळ. पलीकडच्यांचे मोहरीसारखे होते, जाड आणि कितीतरी कमी. दुसरा फोटो पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे तेच. पलीकडच्या पाखरांत कधीकाळी दोन-दोन, तीन-तीन ठिपके एकमेकांना जोडले गेले होते. मधे डोंगर, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हे थवे आपापल्या वाटेने बदलत गेले होते.

सर मटकन खुर्चीत बसले. याचा अर्थ त्यांना लख्ख कळला होता. आज भिंत उघडली तर जोड्या लागतील. पिल्लं होतील, वाढतील, शीळही घालतील. पण त्या पिल्लांच्या पोटात अंडी धरायची वेळ आली, की आईकडची खसखस आणि बापाकडची मोहरी यांची जोडी जमणार नाही. त्यांची अंडी फळण्याची आशा फार कमी. आणि शीळकरी एकदा जोडी जमली की जन्मात मोडत नाही. उरलेल्या सगळ्या माद्या या एका चुकीत खर्ची पडतील. मग ही शीळ देवराईत पुन्हा ऐकू येणार नाही.

बाहेर मोटारींचे आवाज आले.

मनात एक आवाज म्हणाला, नीळकंठा, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? पिल्लं तर होणारच. लोक वाहवा करतील. अंडी वाया जायला लागतील, तोवर तू निवृत्त झालेला असशील. दाण्यात दोष होता म्हणतील, हवेत दोष होता म्हणतील. तुझा तक्ता उघडून कोण बघतो?

त्या आवाजाचं म्हणणं अगदी खरं होतं. कोणीही बघणार नव्हतं. म्हणूनच सरांना भीती वाटली.

कुमुदताई दारात आल्या. "सर, चला ना. मंडळी खोळंबलीत. पाखरंसुद्धा सकाळपासून फळ्यांना चिकटून बसलीत."

सर उठले. मांडवात शिरताच त्यांच्या गळ्यात हार पडला. आबासाहेबांनी दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. भोंगा बंद झाला, माणसं गप्प झाली. फळ्यांच्या अलीकडून एक शीळ आली, पलीकडून दुसरीने साद दिली. सरांनी दोरी घट्ट धरली. नुसता एक हिसका पुरे होता.

सरांनी दोरी खांबाला गुंडाळली आणि करकचून गाठ मारली.

"ही भिंत आज उघडायची नाही," ते म्हणाले.

आबासाहेबांनी हसू तोंडावर तसंच ठेवलं, पण त्यांचे डोळे पेटले. जवळ येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "सर, चेष्टा करताय की काय? पिल्लं होणार ना?"

"होतील."

"मग अडलंय कुठं?"

"नातवंडं होणार नाहीत."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू! तोवर तुम्हीही नाही आणि मीही नाही."

"पाखरंही नसतील, आबासाहेब."

आबासाहेबांनी पाहुण्यांकडे एक नजर टाकली. "बरं, मग आजच्यापुरतं उघडा. पाहुण्यांनी बघितलं की लगेच लावून घ्या. आमची शोभा तरी करू नका."

शेजारीच उभ्या असलेल्या कुमुदताईंना आता राहवेना. "अहो, इतके दिवस ही पाखरं फटीतून एकमेकांना साद घालताहेत. भिंत वर गेली की संध्याकाळच्या आत जोड्या लागतील. मग त्या मोडायला तुम्ही येणार का?"

"आणि हे शहाणपण तुम्हाला आज सुचलं?" आबासाहेब सरांवर ओरडलेच. ते सगळ्या मांडवाने ऐकलं.

सरांची मान खाली गेली. मग त्यांनी ती वर केली आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सुचायचं काय त्यात? माझ्या टेबलावरच होतं. कापायला किचकट, म्हणून मीच त्याला चुरा म्हटलं आणि फुंकर मारून उडवत राहिलो. तक्ता माझा आहे आणि तो अपुरा आहे. चूक दुसऱ्या कोणाची नाही."

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. पाहुणे चहा न घेताच निघून गेले. इमारतीला सरांचं नाव काही लागलं नाही. ते पुढे आबासाहेबांच्या वडिलांचं लागलं. सरांना वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल? फार वाईट वाटलं.

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि सगळे तक्ते नव्याने करायला घेतले. सुईच्या टोकावर एकेक ठिपका उचलायचा आणि श्वास रोखून चिकटवायचा. शिकाऊ मंडळी कंटाळली, कुरकुरली, आणि शेवटी शिकली. केंद्रातली फुंकर त्या दिवसापासून बंद झाली. पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिलं, की पक्ष्यांच्या या इवल्या गुणसूत्रांतच जनुकं अगदी दाटीवाटीने भरलेली असतात. त्या खोलीत त्यांना चुरा म्हणत होते!

आडभिंत तशीच राहिली. दोन्ही बाजूंना मोजकीच घरटी झाली. काही अंडी वाया गेली, काही पिल्लं दगावली, काही जगली. लोक म्हणत, सरांनी हातचा डाव घालवला. सर ऐकून घेत. निवृत्त झाल्यावरही ते रोज पिंजऱ्यापाशी येऊन बसत. त्यांनाही धाकधूक होतीच.

एका सकाळी ते असेच बसले होते. कुमुदताई घाईघाईने आल्या, पण जवळ येताच हळू बोलल्या, "सर, अलीकडचं घरटं बघून आले. आपल्याकडे जन्मलेल्या मादीचं."

"फळली अंडी?" सरांनी विचारलं.

"तुम्हीच ऐका."

सरांनी कान दिला. फांद्यांच्या आडून अगदी बारीक, अजून सूर न सापडलेली चिवचिव येत होती. आणि थोड्या वेळाने भिंतीच्या पलीकडूनही तशीच आली.

"आली हो नातवंडं," कुमुदताई म्हणाल्या. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

तात्पर्य: जे हाताळायला किचकट आहे, ते बिनकामाचं ठरवून उडवून देऊ नये, आणि तशी चूक ध्यानात आलीच, तर गळ्यात हार पडलेला असतानाही हात तिथेच थांबवावा.