ओढ्यापलीकडचा होकार

ठक्... ठक् ठक्... ठक्.

फार पूर्वी एका डोंगरउतारावरच्या वाडीत एक मुलगा हा आवाज ऐकत ऐकत मोठा झाला. आवाज ओढ्याच्या पलीकडून, खालच्या वाडीतून यायचा. पुष्कळशा काठ्या कातळावर आपटाव्यात, तसा. मुलाने एकदा वडिलांना विचारले, "बाबा, हे काय वाजतं?"

वडील दोरी वळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "भांडतायत ते. बोलायचं सोडून काठ्या आपटायच्या, अशी त्यांची बैठक."

मुलाला ते पटले. पुढे तो मोठा झाला, त्याचे केस पिकले, आणि तो वरच्या वाडीचा कारभारी झाला. पण वडिलांचे ते उत्तर खरे की खोटे, हे ओढा ओलांडून विचारावे असे त्याला कधी वाटले नाही.

वरच्या वाडीची बैठक अगदी सोपी असे. कारभारी विचारायचा, "हे असं करू या का?" ज्याला पटले नसेल तो बोलायचा, आणि चांगला घसा ताणून बोलायचा. बाकीचे गप्प बसायचे. सगळेच गप्प, म्हणजे सगळ्यांना मान्य. मग कारभारी म्हणायचा, "चला, ठरलं," आणि लोक आपापल्या कामाला लागायचे.

कारभाऱ्याची एकुलती एक लेक खालच्या वाडीत दिलेली होती. लग्नात तिकडच्या मंडळींनी काठ्या वाजवल्या, तेव्हा वरच्या वाडीच्या बायकांनी घाबरून भाताचा हंडा आत नेला होता. पण माणसे वाईट नव्हती. जावई कष्टाळू होता, लेक सुखात होती. आता तिला दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ही दोन्ही वाड्यांची रीत. पण तिचे दिवस भरणार होते भर पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ओढा कोणाला पाय टाकू देत नसे.

"ओढ्यावर लाकडाचा साकव घालतो," कारभारी बायकोला म्हणाला. "मग कितीही पाणी येऊ दे. लेक चालत घरी येईल."

तो खालच्या वाडीच्या बैठकीला गेला आणि कातळावर उभा राहिला. "तुमच्या काठावरचं ते मोठं जांभूळ तोडू. जांभळाचं लाकूड पाण्यात कुजत नाही. तिथेच साकव घालू. काय म्हणता?"

कोणी काहीच म्हटले नाही. सगळे जमिनीकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्याने आपली काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली.

कारभारी खूश झाला. घरी येऊन म्हणाला, "आपण उगाच त्यांना भांडखोर म्हणतो. एक माणूस आडवा आला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कारभारी आणि वरच्या वाडीचे गडी कुऱ्हाडी घेऊन ओढ्यात उतरले. बघतात तर जांभळाभोवती सगळी खालची वाडी बसलेली. बाया, पोरे, म्हातारे. एक शेळीसुद्धा.

"झाड पडताना बघायला जमलेत वाटतं," एक गडी म्हणाला.

"मग खाली कशाला बसलेत? अंगावर घेणार काय?" दुसरा म्हणाला.

कारभाऱ्याचा चेहरा लाल झाला. "काल कबूल झालात आणि आज आडवे बसलात? ही कुठली रीत?"

"कबूल कोण झालं?" पलीकडचा एक तरुण म्हणाला. "आम्ही नाही म्हटलं, तरी तुम्ही कुऱ्हाडी आणल्यात. ही कुठली रीत?"

तेवढ्यात कारभाऱ्याला दिसले, की त्याची लेकही तिथेच बसली आहे, खोडाला पाठ टेकून.

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा. बाबा, ते काल नाही म्हणाले होते."

"चकार शब्द काढला नाही कोणी."

"तेच तर. आमच्याकडे वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. नुसते गप्प बसतात. होय म्हणायचं असलं, की काठी वाजवतात."

'आमच्याकडे' हा शब्द कारभाऱ्याला जरासा टोचला. पण त्याहून मोठे काहीतरी त्याच्या मनात हलले. "म्हणजे ती लहानपणापासूनची ठक् ठक्..."

"होकार असतो तो. माझ्या लग्नातही तोच होता. आणि तुम्ही लोकांनी भात आत नेलात."

शेळीजवळ बसलेल्या बाया फिसकन हसल्या.

"मग आधी सांगायचंस ना, पोरी."

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. इतकी वर्षं शेजारी राहता."

मग विहीणबाई उठल्या. त्यांनी जांभळाची एक आडवी फांदी दाखवली. दोऱ्यांनी घासून ती गुळगुळीत झाली होती. "लावणीला बाया शेतात असतात, तेव्हा पोरं इथे झोळीत असतात. आम्हीही इथेच निजलो. व्याही, तुमचं नातवंड कुठे निजवायचं ते सांगा."

वरच्या वाडीचा एक गडी कारभाऱ्याच्या कानाशी आला. "आपली रीत सरळ आहे, कारभारी. काल गप्प बसले, तिथेच ठरलं. घाव घालू या. पाऊस लागला, की लेक तिकडेच अडकेल."

कारभाऱ्याने लेकीकडे पाहिले. मग त्या फांदीकडे पाहिले. मग कुऱ्हाड जमिनीवर ठेवून तो खाली बसला आणि म्हणाला, "साकव कुठे घालू, ते तुम्हीच सांगा."

आता लोक बोलू लागले. वरच्या अंगाला दोन खडकांमध्ये ओढा अरुंद होता. तिथे साकव बसेल. लाकूड वरच्या वाडीच्या रानात वादळाने पडलेल्या ऐनाच्या झाडाचे घेता येईल. फक्त वाट लांब पडेल, आणि चढणीची.

कारभाऱ्याला वाटले, होय म्हणायचे तर त्यांच्यासारखे म्हणावे. त्याने म्हाताऱ्याची काठी मागून घेतली आणि कातळावर अशी हाणली, की तिचे दोन तुकडे झाले.

"एवढं मोठं होय नको होतं, व्याही," म्हातारा म्हणाला.

सगळे पोट धरून हसले. मग खालच्या वाडीच्या काठ्या वाजू लागल्या. ठक् ठक्... ठक्. आणि वरच्या वाडीचे गडी? ते अगदी गप्प उभे होते. एकही बोलला नाही. दोन्हीकडून होकारच होता.

साकव झाला. पाऊस आला. ओढा फुगला, पण साकव हलला नाही. कारभारी लेकीला आणायला गेला. विहीणबाई उखळात भात कांडत होत्या. दारात लेक बसली होती, पाय सुजलेले, बसल्या जागी धाप लागलेली.

"विहीणबाई, लेकीला घेऊन जाऊ ना?"

विहीणबाईंचे मुसळ थांबले. त्या जमिनीकडे बघू लागल्या. कारभाऱ्याने लेकीकडे पाहिले. तीही जमिनीकडेच बघत होती.

पूर्वीचा कारभारी असता, तर "चला, ठरलं" म्हणून त्याने लेकीचे गाठोडे उचलले असते. हा कारभारी उंबऱ्यावर टेकला. त्याने ती सुजलेली पावले पाहिली. बाहेरची लांब, निसरडी चढण पाहिली.

मग हळूच म्हणाला, "साकवावरून दोन्हीकडून चालता येतं. तिची आईच इकडे आली तर?"

विहीणबाईंनी मुसळ उचलले आणि उखळात एकदाच सोडले. ठक्.

लेकीने हसून तळहात जमिनीवर आपटला. बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "आणि बाबा, तुमचं काय? तुम्हाला चालेल ना?"

कारभाऱ्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पावसात डोक्यावर इरले घेतले, आणि काहीही न बोलता तो साकवाच्या वाटेला लागला.

तात्पर्य म्हणाल तर एवढेच: दुसऱ्याचे मौन आपल्या रीतीने वाचू नये, शेजारी बसून त्याची रीत विचारावी.