रंगाखालची भेग

साखर कारखान्याच्या यार्डात एक छोटा लोडर होता, मधल्या सांध्यात वळणारा. परवा त्या सांध्याचं वेल्डिंग तुटलं, मशीन मोडलं आणि ड्रायव्हर सिद्रामचा पाय मधे सापडला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो दवाखान्यात पडून असतानाच यार्ड मॅनेजर सरनोबतांनी त्याला कामावरून काढायचा कागद तयार केला.

जोडकामाला बाबालाल मिस्त्रीला बोलावलं. चेअरमनही आले. त्यांच्यासमोर सरनोबत म्हणाले, "सिद्रामनं बेफाम चालवलं म्हणून मोडलं. खंडेनवमीला मी स्वतः हार घातला, तेव्हा मशीन धडधाकट होतं."

मिस्त्रीनं विचारलं, "पूजेसाठी हा पिवळा रंग दिला होता ना, साहेब?"

"आदल्या दिवशी, माझ्या देखत. त्यानंतर ब्रश लागलेला नाही."

मिस्त्रीनं तुटलेला तुकडा चेअरमनच्या हातात ठेवला. "ही चकचकीत कड परवाची. बाकीची कड आतपर्यंत पिवळी आहे. लोखंड अखंड असतं तर रंग आत शिरला नसता. भेग आधीचीच होती. साहेबांनी तिच्यावर रंग फासला आणि वर हार घातला."

चेअरमननी सहीसाठी आलेला सिद्रामचा कागद फाडला. सरनोबत एवढंच पुटपुटले, "जोड मार आणि रंग देऊन टाक."

मिस्त्रीनं भेग मुळापर्यंत घासून पक्का जोड मारला. रंगाचा डबा मात्र परत पाठवला.

"रंग नको," तो म्हणाला. "पुढची भेग वेळेवर दिसू दे. सिद्रामला अजून एक पाय आहे."