टिमकीचं घुंगरू

एक होती बेडकुली. नाव तिचं टिमकी. एवढीश्शी! तिच्या पायात एकच घुंगरू. चालली की वाजायचं, छुम टुप्प, छुम टुप्प.

एकदा काय झालं? टिमकी बागेतल्या चिखलातून आली, ती तशीच पोहायच्या तलावात शिरली. डुबुक! बाहेर आली, तर पाय मुका. घुंगरू गेलं! टिमकीला रडूच फुटलं.

"पाण्या पाण्या, घुंगरू मिळेना!"

पाणी म्हणालं, "मी हे असं गढूळ. मलाच काही दिसेना. पंप मला गाळेल, तर मी निवळेन."

टुप्प टुप्प, टिमकी गेली पंपाकडे.

"पंपा पंपा, पाणी निवळेना, घुंगरू मिळेना!"

पंप म्हणाला, "माझी जाळी पानांनी गच्च! लहू काका जाळी झाडतील, तर मी चालेन."

लहू काका तलाव राखायचे. टुप्प टुप्प, टिमकी गेली काकांकडे.

"काका काका, पंप चालेना, पाणी निवळेना, घुंगरू मिळेना!"

काका म्हणाले, "ती सायूताई बघ. डोक्याला तेल चोपडून आली, आता तशीच पाण्यात उतरेल. यांनी घाण करायची, मी साफ करायचं! ती न्हाईल, तर मी हलेन."

टुप्प टुप्प, टिमकी गेली सायूताईकडे.

"ताई ताई, काका हलेनात, पंप चालेना, पाणी निवळेना, घुंगरू मिळेना!"

सायूताई म्हणाली, "वा गं वा! माझं तेल दिसलं, आणि तुझे पाय?"

टिमकीने खाली पाहिलं. अगं बाई! चिखलच चिखल!

"तू पाय धुशील, तर मी न्हाईन."

टुप्प टुप्प, टिमकी गेली नळाकडे.

"नळा नळा, ताई न्हाईना, काका हलेनात, पंप चालेना, पाणी निवळेना, घुंगरू मिळेना!"

नळ म्हणाला, "मग मला फिरव की!"

टिमकीने नळ फिरवला. सर्रर्र! टिमकीने पाय धुतले. ताई न्हाली. काका हलले. त्यांनी जाळी झाडली, पाण्यात मापानं औषध टाकलं. पंप चालला, घर्रर्र घर्रर्र! हळूहळू पाणी निवळलं. आणि तळाशी काय चमकलं? घुंगरू!

सायूताईने बुडी मारली. घुंगरू आणलं, टिमकीच्या पायात बांधलं. टिमकी नाचली, नाचली, खूप नाचली.

दुसऱ्या दिवशी लहू काका स्वतःच पोहायला निघाले. आता उडी मारणार, तोच छुम टुप्प, छुम टुप्प! टिमकी आडवी आली.

"काका काका, आधी नळ!"

पाणी निवळलं, गोष्टही निवळली.