टिकल्याला कुठे ठेवायचं?

फार पूर्वी, राजेराण्यांच्या काळात, एका गावात एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगडी विणणारा. त्याच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ अशी बसलेली असायची की मुसळधार पावसातही खांदा कोरडा राहायचा. हाताला यश होतं, चार गावांत नाव होतं. बायको-पोरं मात्र नव्हती. घरात एकच सोबती होता, तो म्हणजे टिकल्या.

टिकल्या हा काळाभोर कुत्रा. कपाळावर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. सणगर मागावर बसला की टिकल्या त्याच्या गुडघ्याला पाठ लावून झोपायचा. सणगर उठला की तोही उठायचा. असं प्रेम पाहून कोणालाही बरं वाटावं. पण सणगराचा स्वभाव मोठा चमत्कारिक होता. टिकल्याने दुसऱ्या कोणापुढे नुसतं शेपूट हलवलं, तरी याच्या पोटात दुखायचं.

शेजारी एक म्हातारी कुंभारीण राहायची. तिने एकदा सहज टिकल्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तर सणगर दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग त्याने टिकल्याला एक गोष्ट शिकवली. भाकरी समोर असली, पोटात कावळे ओरडत असले, तरी टिकल्याने तोंड लावायचं नाही. सणगर जवळ येऊन "घे माझ्या राजा" म्हणेल तेव्हाच खायचं. टिकल्या गुणी, चार दिवसांत शिकला. मग कुंभारणीने दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली, तरी तो नुसता बघत बसायचा. ते पाहून सणगराला कोण आनंद व्हायचा!

एके दिवशी राजाचा सांगावा आला. दरबारात अंथरायला एक अखंड, भलीमोठी घोंगडी विणायची होती. दोन महिन्यांचं काम, आणि तेही राजवाड्यातच बसून करायचं. सणगराची छाती फुगली. पण सांगावा आणणारा शिपाई जाता जाता म्हणाला, "कुत्रं आणू नका बरं का. राणीसाहेबांनी हरणं पाळलीत."

झालं. सणगराची झोप उडाली. सकाळी तो कुंभारणीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काकी, टिकल्याला कुठं ठेवू?"

"मीच ठेवला असता की रं," कुंभारीण चाकावरची माती काढत म्हणाली. "पण माझ्या हातचं खाईल का त्यो? तूच तसं करून ठेवलंयस. वढ्यापलीकडं ती धनगरीण हाय बघ. लोक परगावी जाताना तिच्याकडंच कुत्री सोडत्यात. जाऊन बघ एकदा."

"आणि टेकडीवरचा वस्ताद? तोही कुत्री ठेवून घेतो ना?"

"त्याचंबी नाव लई हाय. पण त्याच्या भिंतीआड काय चालतंय ते कुणी बघितलेलं न्हाई. दोन्हीकडं जा. डोळं उघडं ठेव म्हंजे झालं."

सणगर आधी धनगरणीकडे गेला. तिच्या अंगणाला ना भिंत ना दार. तुराट्यांचं कुंपण, तेही एका बाजूने पडलेलं. आत नुसता गोंधळ! एक कुत्रं टोपलीत झोपलेलं, दुसरं कोणाचा तरी जोडा चघळतंय, तिसरं सणगरावर भुंकायला धावलं आणि मधेच विसरून माशीमागे पळालं. सणगराने नाक मुरडलं. इथे शिस्तीचा पत्ताच नाही, त्याला वाटलं.

धनगरीण मात्र गडबडीने उठली नाही. ती जमिनीवरच बसून राहिली आणि टिकल्याकडे न बघता सणगराशी बोलू लागली.

"काय खातंय दादा हे?"

"ज्वारीची भाकरी, ताकात."

"भ्यातंय कशाला?"

"ढगांच्या गडगडाटाला."

"झोपतंय कुठं? तुमच्याजवळ? मग तुमचं एक वापरलेलं घोंगडं ठिवून जावा. वासानं जीव रमंल त्याचा. आन् कवाबी या, न सांगता या. माझ्याकडं झाकण्यासारखं काय न्हाई." मग तिने विचारलं, "खायला बसताना काय सवय हाय का त्याला? कुणी हाक मारावी लागती, काय म्हणावं लागतं?"

सणगराच्या मनात आलं, तो शब्द हिला सांगायचा? मग तर टिकल्या हिच्याही हातचं खाईल! सणगर काहीतरी उत्तर जुळवत होता, तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. टिकल्या हळूच पुढे सरकला होता. त्याने धनगरणीचा पाय हुंगला, एक सुस्कारा टाकला आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकवून डोळे मिटले.

सणगराच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं याला जीव लावला, आणि हा अर्ध्या घटकेत परक्या बाईच्या पायावर!

त्याच वेळी एक वाणी आपलं कुत्रं न्यायला आला. पिवळं कुत्रं आनंदाने केकाटत त्याच्या अंगावर झेपावलं, त्याचं तोंड चाटून ओलंचिंब केलं. दोघे निघाले. वळणापर्यंत गेल्यावर कुत्रं थबकलं आणि मागे वळून बघू लागलं. वाणी हसला आणि म्हणाला, "जा, सांगून ये तिला." कुत्रं धावत परत आलं, धनगरणीचा हात चाटला आणि पुन्हा मालकाकडे पळालं.

'काय बावळट माणूस आहे हा,' सणगराला वाटलं. 'आपलं कुत्रं दुसऱ्याचं झालं आणि हा हसतोय!' त्याने टिकल्याची दोरी ओढली आणि धनगरणीला काही न सांगताच तो चालू लागला.

टेकडीवर वस्तादाची उंच दगडी भिंत होती. भलंमोठं दार होतं, ते बंद होतं. दार वाजवल्यावर पिळदार मिशांचा वस्ताद बाहेर आला. किलकिल्या दारातून सणगराला आतलं थोडं दिसलं. वीस-पंचवीस कुत्री रांगेने बसली होती. एक भुंकेल तर शपथ. वस्तादाने हातातली काठी जमिनीवर आपटली, तशी सगळी एकदम पोटावर आडवी झाली.

"वा!" सणगर म्हणाला. "याला म्हणतात शिस्त."

"आपल्या हाताखालनं गेलेलं कुत्रं परक्याकडं ढुंकून बघत न्हाई, पाव्हणं."

सणगराने कान टवकारले. "फक्त मालकाकडं बघतं?"

"कुणाकडंच न्हाई," वस्ताद मिशीवर ताव देत म्हणाला.

खरं तर इथे सणगराने चपापायला हवं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे अजून ते पाऊल आणि ती हनुवटी होती.

"त्याला काय आवडतं, कशाला भितो, ते सांगू का?" त्याने विचारलं.

"काय गरज न्हाई. हितं समद्यांना एकच खाणं, एकच काठी."

"मी मधे एकदा बघायला येऊ?"

"अजिबात न्हाई. मालक आला की कुत्रं बिघडतंय. न्यायच्या दिवशी या."

टिकल्याने पुढचे पाय रोवले. अंग मागे खेचलं. सणगराच्या धोतराला तोंड लावून तो कुईकुई करू लागला, थरथरू लागला. आणि सणगराला काय वाटावं? त्याला बरं वाटलं! 'बघा, माझ्यावाचून कसा राहत नाही,' असं म्हणत त्याने टिकल्याला कुरवाळलं, दोरी वस्तादाच्या हातात दिली आणि "घे माझ्या राजा" हे शब्द आपल्याबरोबर घेऊन तो निघून गेला. भिंतीआडून टिकल्याची हाक ओढ्यापर्यंत ऐकू येत होती.

दोन महिने सणगर राजवाड्यात विणत बसला. घोंगडी सुरेख झाली. राजा खूश झाला आणि म्हणाला, "माग, काय हवं ते." सणगराने एक चांदीचं घुंगरू मागितलं, टिकल्याच्या गळ्यात बांधायला. परतीच्या वाटेवर तो मनात चित्र रंगवत होता. टिकल्या झेपावेल, तोंड चाटेल, आनंदाने वेडा होईल. आणि विशेष म्हणजे, मागे वळून कोणाकडे बघणार नाही.

दार उघडलं. वस्तादाने दोरीला धरून एक काळं कुत्रं बाहेर आणलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असं. मानेभोवतीचे केस झडून कातडी लाल झालेली. कपाळावर पांढरा ठिपका नसता, तर सणगराने ओळखलं नसतं.

"टिकल्या!" त्याने हाक मारली आणि हात पुढे केला.

हात वर होताच टिकल्या जमिनीला चिकटला. शेपूट पोटाखाली, डोळे घट्ट मिटलेले. मार कधी बसतोय याची वाट बघत तो तसाच पडून राहिला.

"हे काय झालं याचं?" सणगर ओरडला.

"पहिलं आठ दिस अन्नाला शिवला न्हाई, लई हट्टी," वस्ताद म्हणाला. "भाकरीफुडं बसून नुसता दाराकडं बघायचा. मग काठीनं आन् भुकेनं सुदारला. आता बघा की, सांगितलं व्हतं न्हवं? कुणाकडंच बघत न्हाई."

आणि ते खरं होतं. टिकल्या कोणाकडेच बघत नव्हता, सणगराकडेही नाही.

त्याला खांद्यावर टाकून सणगर घरी आला. ताकात भाकरी कुस्करली, समोर ठेवली. "घे माझ्या राजा," तो म्हणाला. टिकल्या हलला नाही. "घे रे, माझ्या राजा," तो पुन्हा म्हणाला, आणि भाकरी त्याच्या नाकाशी सरकवली. आठ दिवस या तीन शब्दांची वाट बघून टिकल्याने त्यांचा नाद सोडला होता. आता त्याला ते कोणाचेच वाटत नव्हते.

दोन दिवस कुत्र्याच्या पोटात कण गेला नाही. तिसऱ्या दिवशी कुंभारीण दारात आली. तिने टिकल्याकडे बघितलं, सणगराकडे बघितलं.

"मेला तर तुझाच ऱ्हाईल बघ," ती म्हणाली. "जगवायचा असंल तर ऊठ."

सणगराने मान खाली घातली. आपलं वापरलेलं घोंगडं काखेत मारलं, टिकल्याला उचललं आणि ओढा ओलांडला.

धनगरणीने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. तिने घोंगडं अंगणाच्या कोपऱ्यात अंथरलं, टिकल्याला त्यावर निजवलं आणि सणगराला म्हणाली, "तुम्ही तिकडं लांब बाभळीखाली बसायचं. हाक मारायची न्हाई, जवळ यायचं न्हाई. जमंल?"

"जमवीन, मावशी."

सोपं नव्हतं ते. रोज सकाळी येऊन सणगर बाभळीखाली बसायचा. धनगरीण टिकल्याच्या शेजारी पाठ करून लोकर निवडत राहायची, मधूनच ताकाचं बोट त्याच्या नाकाशी धरायची. पहिल्या दिवशी त्याने नाक फिरवलं. दुसऱ्या दिवशी बोट हुंगलं. तिसऱ्या दिवशी चाटलं. आणि सहाव्या दिवशी त्याने तिच्या तळहातावरचा भाकरीचा तुकडा उचलून खाल्ला.

बाभळीखाली सणगराच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला आनंद झाला, आणि त्याच्या पोटातही दुखलं. आपल्या टिकल्याने सहा वर्षांत पहिल्यांदा आपणहून दुसऱ्याच्या हातचं खाल्लं होतं.  मग उठून तो धनगरणीजवळ गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुम्ही विचारलेलं, मी सांगितलं नाही. जेवताना मी त्याला एक शब्द म्हणतो. 'घे माझ्या राजा' म्हणायचं. तुम्ही म्हणा आता."

धनगरणीने हातातली लोकर खाली ठेवली.

"सांगितलासा, बरं केलं," ती म्हणाली. "पर आता त्यो शबूद नगं. भूक लागली की खावं, एवढंच बास हाय मुक्या जनावराला. तुम्ही बसा हितं, माझ्याजवळ."

सणगर बसला. हात मांडीवर, तळवे वर करून. टिकल्याने घोंगडं हुंगलं. मग हवा हुंगली. मग पोट जमिनीला घासत, एकेक पाऊल टाकत तो पुढे आला. धनगरणीला ओलांडून आला. सणगराच्या गुडघ्याला त्याने पाठ लावली आणि सुस्कारा टाकला.

पावसाळा सरेपर्यंत टिकल्या पहिल्यासारखा झाला. आता तो कुंभारणीच्या दारातही दूधभाकरी खायचा, आणि सणगर ते मागावरून बघायचा. बघताना थोडं दुखायचं, पण तो अबोला धरायचा नाही.

दुसऱ्या वर्षी राजाचा पुन्हा सांगावा आला. या वेळी सणगर टेकडीकडे वळलाच नाही. ओढा ओलांडताच टिकल्याने दोरी हिसकली आणि तो पडक्या कुंपणावरून थेट धनगरणीच्या अंगणात गेला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. सणगर घोंगडं काखेत घेऊन मागून धापा टाकत आला.

दोन महिन्यांनी तो परतला, तेव्हा गुबगुबीत टिकल्या लांबूनच झेपावला. तोंड चाटून सणगराला पार ओलंचिंब केलं. सणगराने ते चांदीचं घुंगरू आता कुठे त्याच्या गळ्यात बांधलं. दोघे निघाले. वळणावर घुंगरू वाजायचं थांबलं. टिकल्या मागे बघत उभा होता.

सणगराच्या पोटात एक बारीकशी कळ आली. ती त्याने गिळली आणि दोरी सैल सोडली.

"जा," तो म्हणाला, "सांगून ये तिला."

आणि टिकल्या परत येईपर्यंत तो वळणावर उभा राहिला.

तात्पर्य: आपला लाडका जीव कोणाच्या हाती सोपवताना तो तिथे आपल्याला विसरेल का, हे बघू नये, तिथे त्याला कोणी जीव लावील का, हे बघावं.